उत्तरापुरती जागा

पन्नाशीला टेकलेली बाई शिकायला परदेशी जाणार म्हटलं की लोक आधी तिच्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघतात. माझा नवरा बस डेपोत कंट्रोलर आहे. तो सांगायचा, "जाऊ द्या हो, वर्षाचा तर प्रश्न. आमच्याकडे वर्षभर बंद पडलेल्या गाड्यासुद्धा परत रस्त्यावर येतात." हे माझं कौतुक होतं की आणखी काही, ते मी विचारलं नाही.

मी रफू करते. ड्रायक्लीनरच्या दुकानात मागच्या खिडकीपाशी माझी खुर्ची आहे. सिगारेटने भोकं पडलेले कोट आणि कसर लागलेल्या शाली माझ्याकडे येतात. शिकवलं कुणी नाही. आधी घरातलेच कपडे नासवले, मग हात बसला. तिकडे एका संस्थेत जुनी वस्त्रं दुरुस्त करायचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे. माझ्या कामाचे फोटो बघून त्यांनी मला घेतलं. अट एकच होती. शिकवणं सगळं फ्रेंचमध्ये, तेव्हा आधी कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलून दाखवा. जमलं तर या.

फ्रेंच मला यायचं. म्हणजे ऐन तरुणपणी यायचं. आता त्याची गत पाण्यात राहिलेल्या कात्रीसारखी झाली होती. उघडायला जावं तर करकर, आणि उघडली की मिटायची नाही. पुस्तक होतं, पण पुस्तक काही तोंड उघडून बोलत नाही. म्हणून माळ्यावरची कॅसेट काढली.

ती कॅसेट माझ्या धाकट्या बहिणीची. तिला घरात सगळे भोंगा म्हणायचे. बाबांनी ठेवलेलं नाव. जन्मताना रडली ते म्हणे पलीकडच्या गल्लीत ऐकू गेलं. फ्रेंचचं खूळही तिचंच. "ताई, आपण दोघींनी जायचं. तू शीक, मी तुझ्यावर लक्ष ठेवते," म्हणायची. संध्याकाळच्या क्लासचे मास्तर वर्षभरात गाव सोडून गेले, तेव्हा तिने युक्ती काढली. पुस्तकातले संवाद दोन माणसांचे असत. एकाचे प्रश्न तिने कॅसेटवर बोलायचे आणि प्रत्येक प्रश्नानंतर माझ्या उत्तरापुरती जागा सोडायची. ती जागा घड्याळावर मोजलेली नव्हती. मी तिच्यासमोर मांडी घालून बसायचे आणि आवाज न करता नुसते ओठ हलवून उत्तर द्यायचे. ती माझ्या ओठांकडे बघत थांबायची. ओठ मिटले की पुढचा प्रश्न.

पुढच्याच वर्षी तापाचं निमित्त झालं आणि भोंगा गेली. आमचं जाणंही तिच्याबरोबरच गेलं. कॅसेट आईने माळ्यावर टाकली, आणि तिथून ती कुणी काढली नाही.

टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा एकच म्हातारा आता उरलाय. त्याने मशीनचा पट्टा बदलून दिला. "मशीनची हमी देतो. कॅसेटचं मी काही बोलत नाही," म्हणाला.

घरी येऊन खोलीचं दार लावलं आणि बटण दाबलं. खर्रर्र झालं, आणि भोंगा चांगल्या खणखणीत फ्रेंचमध्ये म्हणाली, "नमस्कार! आपण कुठून आलात?"

पदर तोंडात धरून बसले. ती तिच्या हिशेबाने थांबली आणि मग तिने अगदी उत्साहात विचारलं, "प्रवास कसा झाला?"

"लांबला गं," मी म्हटलं. मराठीतच.

मग रोज बसायला लागले. अडचण अशी की ती जागा माझ्या तरुण जिभेच्या मापाची होती. आता मी क्रियापद शोधत असायचे तोवर बाईसाहेब पुढच्या प्रश्नावर. एकदा चिडून बोलून गेले, "थांब की जरा, मेले!" आणि मग त्या दिवशी पुढे सराव झाला नाही.

पण हळूहळू जमायला लागलं. जमायला लागल्यावर उत्तर संपून थोडी जागा उरायची, आणि त्यात काय काय आहे ते ऐकू यायचं. लांब भांडं पडल्याचा आवाज. नळ. एके ठिकाणी आई, तरण्या आवाजात: "दूध बघा गं कुणीतरी!" आणि अगदी जवळ भोंग्याचा श्वास. माझा आवाज कुठेच नव्हता. पण ती कुणाकडे बघत थांबली आहे, ते मला माहीत होतं.

आई आमच्याकडेच असते. मी कॅसेट लावली की काठी घेऊन खोलीबाहेर जायची. तिला सोसत नसणार म्हणून मी दार आणखी घट्ट लावून घ्यायचे.

महिनाभराने आवाज दबका यायला लागला. मशीन उघडलं तर आत तपकिरी भुकटी. म्हाताऱ्याने ती बोटावर घेऊन मला दाखवली. "ही झडतेय, बाई. वाजवाल तितकी झडेल. कुठेतरी उतरवून घ्या, नाहीतर तुमच्या अभ्यासातच संपेल."

उतरवायचं काम कंट्रोलरांनी अंगावर घेतलं. सुट्टीचा अख्खा दिवस ते कॉम्प्युटरला चिकटून होते, चहासुद्धा तिथेच. संध्याकाळी हातात फोन घेऊन आले. चेहरा असा, की जणू पोरगं पहिल्या नंबराने पास झालंय.

"ऐक."

भोंगा बोलायला लागली. नमस्कार आपण कुठून आलात प्रवास कसा झाला आपल्याला भावंडं आहेत का आपण काय काम करता. एकामागून एक, दम न घेता.

"हे काय?"

"मध्ये मध्ये सगळं रिकामं होतं गं. खरखर, नळ, भांडी. एकेक करून काढून टाकलं. अर्ध्या तासाचं दहा मिनिटांत बसवलंय! किती वेळ वाचेल तुझा."

दोन गाड्यांमध्ये उगाच अंतर राहिलं तर या माणसाच्या पोटात दुखतं. उभा जन्म त्याने तेच काम केलंय, आणि चोख केलंय.

"आधीचं आहे ना पण? न कापलेलं?"

"ते पुसलं. जागा फार खात होतं." मग त्यांनी एक पिशवी पुढे केली. आत तपकिरी फितीचा गुंता होता. "शेवटी शेवटी तुटली. पण काळजी करू नकोस, तिचा शब्द एक सोडलेला नाही."

"छान झालंय," मी म्हटलं.

पंचवीस वर्षांच्या संसारात माझं 'छान' त्यांना ओळखता येतं. "काय चुकलं?"

"काही नाही हो. ती तिथे थांबायची."

ते खुर्चीत बसले. फोन हातात उलटा धरून बराच वेळ बघत राहिले. "मला वाटलं, तिथे कुणी नाही."

"आम्ही दोघी होतो," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे काही काम नव्हतं.

मग सराव सुटलाच. संस्थेशी बोलायचा दिवस जवळ येत चालला होता. पुस्तक उघडायचे, मिटायचे. भोंग्याचा तो भरधाव आवाज ऐकवत नव्हता आणि त्याच्याशिवाय तोंडातून शब्द फुटत नव्हता. दुकानात एका कोटाला चुकीच्या रंगाचा धागा घातला. सगळं उसवावं लागलं.

एका दुपारी आई काठी टेकत खोलीत आली आणि माझ्यासमोर बसली.

"आण तो फोन."

"आई, तुला सोसायचं नाही."

"मला काय सोसतं ते तू मला सांगू नकोस. रोज दाराबाहेर स्टूल टाकून ऐकत होते. तू मेलं दार असं लावून घ्यायचीस, कान टेकावा लागायचा." फोन हातात घेऊन तिने दोन्ही बाजूंनी न्याहाळला. "कुठलं दाबलं की ही गप्प बसते?"

मी दाखवलं. तिने चष्मा पुसून चढवला आणि बोट उगारून बसली.

"आपण कुठून आलात?" भोंग्याने विचारलं. आईने बटण दाबलं आणि माझ्या ओठांकडे बघायला लागली. मी उत्तर दिलं. ओठ मिटले, तसं तिने पुन्हा दाबलं. "प्रवास कसा झाला?"

फ्रेंचचं एक अक्षर तिला कळत नाही. पण कॅसेट तिला पाठ होती. "इथे भांडं पडलं होतं." "इथे ती हसू दाबत होती, तू नक्की काहीतरी चुकली असणार." "हं, इथे मी दुधासाठी ओरडले. गेलंच शेवटी उतू. दोघींपैकी एक उठेल तर शपथ!" आणि हे बोलायला जेवढा वेळ जाई, तेवढी जागा माझ्या उत्तराला मिळे.

कधी माझं उत्तर संपायचं आणि तिचं बोट मात्र हलायचं नाही.

"आई, झालं माझं."

"तुझं झालं. तिचं होऊ दे की."

बोलण्याच्या दिवशी कंट्रोलरांनी कॉम्प्युटर लावून दिला आणि बाहेर जाऊन दारावरची बेल काढून ठेवली. आई माझ्या शेजारी बसली, पडद्यावर दिसणार नाही अशी. समोर केस पिकलेल्या एक बाई आल्या. काम विचारलं. ते सांगता आलं: भोक बुजवायला बाहेरचा धागा आणत नाही, त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून काढते, म्हणजे रंग आणि वय जुळतं. बाईंनी मान डोलावली. मग सहज म्हणून विचारलं, "आपल्याला भावंडं आहेत का?"

माझ्या तोंडून पुस्तकातलं उत्तर घडाघडा बाहेर पडलं. "हो, एक धाकटी बहीण आहे. ती माझ्याबरोबर येते आहे."

"अरे वा! तीही शिकणार?"

हा प्रश्न कॅसेटवर नव्हता. भोंग्याने यानंतर थेट कामाचंच विचारलं होतं. मी आईकडे बघितलं. काय विचारलं ते तिला कळलं नव्हतं, पण माझे ओठ थांबलेले तिला दिसले. तिने हात वर केला आणि बोट हवेत दाबलं. जणू पडद्यावरच्या बाईंना थांबवत होती.

त्या थांबल्याही.

"नाही," मी सावकाश म्हटलं. एकेक शब्द शोधून जोडला. "ती येणार होती. तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. हे सगळं मला तिने शिकवलं."

बाईंनी पुन्हा मान डोलावली. मग म्हणाल्या, "चांगलं शिकवलंय."

बाईंचं बोलणं मराठीत सांगितल्यावर आई म्हणाली, "ओरडायची फार," आणि उठून आत गेली.

आता मी तिकडे आहे. मोठ्या खिडकीच्या दालनात, माझ्या निम्म्या वयाच्या मुलींबरोबर, तिसऱ्याच कुणाच्या आजीच्या आजीने विटवलेल्या झग्यावर वाकून बसते. संध्याकाळी खोलीवर येते. भोंग्याचा आवाज माझ्या फोनमध्येही आहे, पण लावत नाही. एका हाताने बटण दाबून स्वतःलाच थांबवणं जमत नाही.

परवा घरी फोन केला.

"आई कुठे आहे?"

"बसल्यात तुझ्या खोलीत," कंट्रोलर म्हणाले. "जुना फोन घेऊन. रोज दुपारी बसतात. प्रश्न लावतात, बंद करतात, मग थांबतात."

"मग?"

"मग काय? बराच वेळ थांबतात. मग पुढचा." त्यांनी आवाज खाली आणला. "मी एकदा म्हटलं, आई, उत्तर द्यायला ती इथे नाहीये. तर म्हणाल्या, 'तेव्हा कॅसेटवर तरी कुठे आवाज यायचा तिचा?'"

"फोन जरा तिथे न्या," मी म्हटलं.

ते गेले असावेत. लांबून, दाराच्या फटीतून यावा तसा भोंग्याचा आवाज आला, "आपल्याला भावंडं आहेत का?" आणि बंद झाला.

मी आवाज न करता, नुसते ओठ हलवून उत्तर दिलं. मग मिटले. पुढचा प्रश्न आला नाही. घरात कुठेतरी नळ चालू राहिलेला ऐकू येत होता. तो बंद करायला कंट्रोलर गेले नाहीत.