कॅसेटमधलं हसू

ही १९८६ सालची गोष्ट. तेव्हा मी कानडी मुलखातल्या कोहिनूर गावच्या शाळेत हेडमास्तर होतो. इतकी वर्षं झाली तरी सांगताना माझा आवाज चढतो. चढू द्या.

आमच्या शाळेत कुसुमताई मराठी शिकवायच्या. वय पन्नाशीचं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेजारच्या सरकारी क्वार्टरमध्ये शोभाबाई राहायच्या, उपकेंद्राच्या नर्स. त्या औराद तालुक्यातल्या चिंताकीच्या, बौद्ध घरातल्या, जेमतेम तिशीच्या. संध्याकाळी एकीनं भाकरी टाकायच्या, दुसरीनं वरण करायचं आणि जेवायच्या आधी ओट्यावर बसून दोघींनी गायचं, असा त्यांचा नेम होता. कुसुमताईंच्या पेटीचे दोन सूर मुके होते. शोभाबाईंकडे खंजिरी होती. चाली सिनेमातल्यासारख्या उडत्या, पण त्यांनी स्वतःच बसवलेल्या. शब्दही घरचेच: लसीची सुई, गळका नळ, न येणारी बस.

शोभाबाईंचा आवाज वर गेला की फाटायचा. मग त्या मध्येच थांबायच्या.

"अक्का, जरा खाली घ्या की."

"खाली घेतलं तर मुके सूर लागायलेत गं."

असं झालं की पुन्हा पहिल्यापासून. समोर पाच-दहा माणसं टेकलेली असायची, त्यांनाही घाई नसायची. एकदा हुमनाबादहून गणपतीत गायचं बोलावणं आलं, तर कुसुमताई म्हणाल्या, "आम्हाला एवढंच येतं. एवढ्यासाठी मांडव कशाला घालता?"

सगळ्यात लाडकं गाणं बसचं होतं. एकच गोष्ट तीन भाषांत सांगणारं:

बस बरलिल्ला, बस आली न्हाई,
बस नै आती अम्मा, बस नै आती.

पोरं त्यावर नाचायची. पण तिसरं कडवं आलं की मोठी माणसं गप्प व्हायची. पोटात कळा, डोक्यावर ऊन, बस नै आती. ते कडवं आमच्या गावच्या रत्नम्माचं होतं. अडलेली बाई फाट्यावर साडेचार तास बसली होती. ती वाचली, बाळ गेलं. शोभाबाई तिच्याजवळच होत्या. रत्नम्माला विचारूनच त्यांनी कडवं रचलं होतं. तीही कधीकधी ओट्यासमोर येऊन बसायची.

अण्णाराव नावाचा माणूस मीच गावात आणला. गुलबर्ग्याला त्याचं कॅसेटचं दुकान होतं, माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचा. गाणी ऐकून तो खूश झाला. "ताई, नुसती आठवण म्हणून भरून घेतो," म्हणाला. त्यांना नको होतं. मीच आग्रह केला. सर म्हणतायत म्हणून त्या गायल्या.

दोन महिन्यांनी स्टँडवरच्या बंडेप्पाच्या हॉटेलात ती कॅसेट वाजायला लागली. वेष्टनावर दोन जाड्या बायांचं चित्र, डोळे तिरळे, आणि नाव 'यडपट जोडी'. गाण्याच्या प्रत्येक ओळीनंतर माणसांचं खदाखदा हसू. आवाज फाटला की हसू, "अक्का, खाली घ्या की" आलं की टाळ्या आणि हसू. खोटं कशाला बोलू, पहिल्या कडव्याला हॉटेलातल्या सगळ्यांबरोबर मीही हसलो. हसू लागण असल्यासारखं पसरतं. मग तिसरं कडवं आलं. पोटात कळा, खदाखदा. डोक्यावर ऊन, खदाखदा.

दळण घेऊन चाललेली रत्नम्मा दारात थांबली होती. डब्यावरचा हात तसाच.

"सर, हे कोण हसायलेत?" तिनं विचारलं. "कामून हसायलेत?"



रविवारी कुसुमताई, शोभाबाई आणि मी गुलबर्ग्याला गेलो. अण्णारावनं खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला.

"ताई, लोकांना लई आवडायलंय! दुसरी कॅसेट काढू या."

"हे हसणारे कोण?" शोभाबाईंनी विचारलं.

"ते व्हय? एका नाटकाच्या टेपमधून जोडलंय. हसू नसतं तर कोण ऐकलं असतं तुम्हाला?"

कुसुमताईंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज वर्गात कधी चढला नव्हता, तो तिथं चढला. "आम्ही ऐका म्हणालो होतो का? कुणाच्या दारात गेलो होतो? आमच्या ओट्यावर गात होतो. तिथनं उचलून आणून तू आमचं हसं केलंस!"

शोभाबाईंनी त्याला तिसरं कडवं लावायला सांगितलं. ते वाजत असताना त्या रजिस्टर वाचावं तशा बोलत होत्या. "सकाळी आठला कळा. बस साडेबाराला. पोरगी होती. मी हातात घेतली तेव्हा गार होती. आता हसा."

मशीनमधलं हसू चालूच होतं. अण्णारावनं ते बंद केलं आणि म्हणाला, "मग हे आधी सांगायचं न्हाई का?"

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. जसं काही बाळ मेलेलं नसतं तर बाकीचं हसं करायला मोकळीक होती! मूळ टेप त्यानं दिली नाही. ती सोलापूरला गेली, म्हणाला. आम्ही त्याचा चहा न पिता उठलो.

 परत आल्यावर गुरुवारी, बाजारच्या दिवशी, शोभाबाई घरोघर सांगत फिरल्या: ज्यानं ती कॅसेट घेतली असेल त्यानं शाळेत आणून द्यावी, गाणी नव्यानं भरून मिळतील. अकरा कॅसेटी आल्या. कॅसेटच्या पाठीवरच्या खाचेत कागद चिकटवला की तिच्यावर पुन्हा भरता येतं, हे मला माहीत होतं. टेपरेकॉर्डर एकच, शाळेचा; एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवायची सोय नव्हती. म्हणून दोघी अकरा वेळा गायल्या. त्यात चार संध्याकाळी गेल्या. रत्नम्मा चारही दिवस येऊन भिंतीशी बसली. सातव्या खेपेला शोभाबाईंचा आवाज पार बसला, तरी एकही कडवं गाळलं नाही.

बंडेप्पानं मात्र आपली कॅसेट दिली नाही. "सर, तिच्यानं गिऱ्हाईक यायलंय," म्हणाला. बायकांनी जाऊन सांगितलं, मी सांगितलं, रत्नम्माचा नवरा भांडला. कॅसेट वाजतच राहिली.

पुढच्या वर्षी शोभाबाईंची बदली झाली. कुसुमताईंनी एकटीनं कधी पेटी उघडली नाही. विचारलं तर म्हणायच्या, "खाली घ्या म्हणणारं कोणी न्हाई आता."

मी त्या हॉटेलाची पायरी पुन्हा चढलो नाही. माझीही बदली झाली त्या दिवशी स्टँडवर ट्रंक घेऊन उभा होतो, तर बंडेप्पा स्वतः कप घेऊन बाहेर आला.

"चार वर्षं झाली, सर. अजून रागच हाय का?"

"व्हय," मी म्हणालो. "अजून."