नाली का नाळी

गावाचं नाव मी सांगणार न्हाई. उगं कशाला बदनामी? चिटगुप्प्याच्या बाजाराला आम्ही चालत जातो, एवढ्यावरून काय वळखायचं ते वळखा. गाव हाय उतारावर. वरच्या अंगाला पेठ, पेठंच्या खाली वकील-मास्तरांची गल्ली, आन् सगळ्याच्या खाली, जिथं गावाचं सगळं वाहून येतंय तिथं, आमची गल्ली.

आमच्या गल्लीत एक आड हाय. हाय म्हणते बगा अजून. होता म्हणायला पायजे, पण जीभ वळत न्हाई.

तो आड माझ्या सासऱ्यांनी खोदलेला. राघोबा त्यांचं नाव, मी मामा म्हणायची. आधी आमच्या बायांनी मास्तरांच्या गल्लीतल्या आडावर जायाचं, घागर खाली ठेवायची आन् लांब उभं राहायचं. वरून कुणाला दया आली तर वतणार, न्हाई आली तर बसा उन्हात. माझी सासू राजूबाई पोटुशी असताना तिथं दुपारपतोर उभी राहून भोवळ येऊन पडली. घागर फुटली, आन् पोटातलं बी गेलं. छप्पन साली आमच्या लोकांनी धम्म घेतला, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मामांनी गल्लीच्या मधोमध कुदळ मारली. खडक लागला. सुरुंग कुणी देईना. सगळ्या गल्लीनं घण मारमारून तो खडक फोडला. पाणी लागलं ते असं गोड, की शेजारच्या गल्लीतले लोक बी चोरून चव बगून गेले म्हणतात. त्या दिवशी मामांनी आडावरच शपथ घेतली: आता मरेपतोर दुसऱ्याच्या दारातलं पाणी ह्या घशाखाली उतरायचं न्हाई. परगावी लग्नाला जायचं झालं तरी वाळवलेल्या भोपळ्यात घरचं पाणी भरून न्यायचे. लोक हसायचे, त्यांना फिकीर न्हवती.

मी लग्न होऊन आले तवा आडाचं पाणी काचंसारखं होतं. तरास होता तो वरून येणाऱ्या घाण पाण्याचा. पेठंतलं सांडपाणी उतारानं आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन साचायचं, चिखल, डास, वास. आडापासून लांब होतं म्हणून बरं. मामा म्हणले, दगडाची पक्की नाली करून घेऊ, ओढ्यापतोर नेऊ, म्हंजे कटकट मिटली.

आता नाली म्हणलं की बलदिया आली. नगरपालिका हो. निजामाच्या काळात तिला बलदिया म्हणायचे, आम्ही अजून तेच म्हणतो. बीदर म्हैसूर राज्यात गेलं आन् कचेरीतलं उर्दू जाऊन कन्नड आलं. कन्नड आम्हाला येतंय, न्हाई असं न्हाई. बाजारात भांडायला पुरतंय. कचेरीत ईरण्णा नावाचा कारकून आला होता, धारवाडकडचा. चोवीस तास तोंडात पान. मामांनी त्याच्यापुढं उभं राहून मराठीत इचारलं, "साहेब, आमच्या गल्लीत नाली कधी?"

ईरण्णानं मान वर केली न्हाई. "नाळी," म्हणला आन् हात हलवला.

नाळी म्हंजे त्यांच्यात उद्या. उद्या ये, आता नीघ, असं त्याचं म्हणणं. हे मामांना ठाऊक न्हवतं का? चांगलं ठाऊक होतं. पण मराठीत इचारलं तर मराठीतच उत्तर आलं असं त्यांना वाटलं. आन् तोंडात पान असल्यावर ल काय न् ळ काय! हातानं त्यानं दार दाखवलं होतं, मामांना वाटलं ओढ्याकडची बाजू दाखवायलाय.

घरी आले ते वरडतच. "सरू, चहा ठेव! नाली म्हणला! तोंडानं नाली म्हणला, हातानं बाजू बी दाखवली!"

मग काय, गल्लीत दिवाळी. मामा म्हणले, बलदिया दगड-सिमिट देणार, तवर चर आपण खोदून ठिवू, म्हंजे त्यांना सबब राहायला नको. बाया-माणसं सगळी लागलो. गल्लीच्या तोंडापासून ओढ्यापतोर चर काढला. उतार जसा तसा चर, आन् उतार आडाच्या अगदी कडंनं. तेवढं एकच वाईट होतं. पण दगड बसणार होते ना, पाझरणार कशाला?

दगडाची वाट बगून मामा पुन्हा कचेरीत गेले. ईरण्णा पोट धरून हसला. म्हणला, "अप्पा, मी नाळी म्हणलो हो! नाळी बा!" बा म्हंजे ये. सगळी कचेरी हसली. ते हसू पेठंतून खाली आमच्या गल्लीपतोर आलं. पोरं मामांना राघोबा म्हणायचं सोडून नाळीबा म्हणायला लागली. माझा नवरा हैदराबादला गिरणीत होता, तो सुट्टीवर आला तर त्याला बी कुणीतरी इचारलं, नाळीबाचा का रे तू? त्या दिवसापासून मामांनी बलदियाची पायरी चढली न्हाई. एकच म्हणायचे, "तो नालीच म्हणला होता. मागून फिरला."

ह्यात हसण्यासारखं होतं, मी बी पदराआड हसले. रडायचं फुडं होतं.

बलदियाचे अध्यक्ष होते मुकुंदराव. पेठंतले, पांढऱ्या धोतराचे, बोलायला साखर. ते चर बगायला आले. "वा वा! ह्याला म्हणतात श्रमदान!" मामांच्या गळ्यात हार घातला. आन् महिना झाला न्हाई तर पेठंतल्या आन् वरच्या गल्लीतल्या सगळ्या मोऱ्या त्या चरात सोडून दिल्या. आयता चर मिळाला, त्यांचं काय गेलं? आधी घाण गल्लीच्या तोंडाशी थांबायची, आता ती आडाला घासून जायला लागली. मातीचा चर तो. पाणी पाझरणारच.

मी इचारायला गेले. आता कचेरी माझ्या वाट्याला आली होती ना. मुकुंदराव म्हणले, "दगड फुडच्या बजेटात नक्की."

काय सांगू तुम्हाला त्या बजेटाचं! एका साली बजेटाची मीटिंग तहकूब झाली, कामून तर माणसं जमली न्हाईत. एका साली बजेट बीदरला मंजुरीला गेलं आन् चूक काढून परत आलं. एका साली मंजूर झालं, आन् त्यातून गावाच्या तोंडाला कमान झाली, कोण तरी मंत्री येणार होता म्हणून. मंत्री आला न्हाई. कमान हाय अजून, तिच्याखाली शेळ्या बसतात. मग बलदियाच बरखास्त झाली, अधिकारी आला, तो म्हणला मला धोरणात्मक निर्णय घेता येत न्हाई. दगड लावायला धोरण लागतंय होय रे? म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, एवढं मोठं राज्य बदललं, पण आमचा चर मातीचा तो मातीचाच. मी गेले की ईरण्णा म्हणणार, "नाळी, अक्का." केस पिकले त्याचे, मराठी शिकला, मला बसायला बाकडं द्यायला लागला. पण तो एक शब्द काही बदलला न्हाई.

आणि आड बिघडला. आधी उन्हाळ्यात वास यायचा, मग बारमाही. गल्लीत कावीळ झाली, लेकरं हगवणीनं लोळली. लोकांनी तोंडं फिरवली, जमंल तिथून पाणी आणायला लागले. मामा मात्र हटले न्हाईत. आता अंथरुणाला टेकले होते, कानानं कमी ऐकायचे, तरी पाणी आपल्याच आडाचं. मी फडक्यानं गाळून, उकळून, थंड करून द्यायची. प्यायचे आन् तोंड वाकडं करून म्हणायचे, "दगड बसले की सुधरंल." माझा जीव तुटायचा. म्हातारा माणूस, आपल्या हातानं खोदलेलं पाणी, आन् ते त्यालाच मारायलंय. डॉक्टर म्हणला, पाणी बदला. मामा म्हणले, डॉक्टर बदला.

निवडणूक होऊन मुकुंदराव पुन्हा अध्यक्ष झाले. मार्चात बजेटाची मीटिंग लागली. माझं डोकं फिरलं होतं. घागर भरली आन् तशीच डोक्यावर घेऊन गेले. ईरण्णा दारात आडवा झाला, "अक्का, आत मीटिंग चालू हाय." म्हणलं, "त्याच्यासाठीच आले, सरक." आत जाऊन घागर टेबलावर ठेवली, तिच्या तोंडावरचा तांब्या बुडवून भरला आन् मुकुंदरावाच्या तोंडापुढं धरला.

"घ्या. प्या."

त्यांनी वास घेतला आन् रुमाल नाकाला लावला. "बाई, हे पाणी पिता तुम्ही?"

"न्हाई, चूळ भरायला आणलंय तुमच्यासाठी! माझा सासरा पितोय हे. तुमच्या मोऱ्यांचं पाणी हाय, वळखंना का?"

मला वाटलं, लागलं, नेमकं ठिकाणावर लागलं. मुकुंदराव उठून उभे राहिले, आवाज बी भरून आल्यासारखा केला. "हे सहन होणार न्हाई. आत्ताच्या आत्ता ठराव घ्या. सदर आड पिण्यास अयोग्य, ताबडतोब बुजवावा."

मला आधी कळलंच न्हाई. म्हणलं, "साहेब, आड न्हाई हो, नाली! नाली बांधा, आड आपोआप सुधरंल."

"नाली बजेटात बसत न्हाई ह्या साली," मुकुंदराव म्हणले. "आडाला बजेट लागत न्हाई. पेठंतली जुनी शाळा पाडलीय, तिचं डबर पडलंय की."

हात वर झाले. सगळे. इतक्या वर्षांत एका मीटिंगीत एका दमात झालेला तेवढा एकच ठराव मी बगितला, आन् तो माझ्याच घागरीनं झाला. "आमी प्यायचं काय मग?" मी वरडले. "नळ देऊ," म्हणले. बाहेर पडताना ईरण्णाला इचारलं, "नळ कधी?" त्यानं खाली बगितलं. "नाळी," म्हणला. ह्या बारीला त्याला हसू आलं न्हाई.

दुसऱ्या दिवशीच गाड्या आल्या. मी आडाच्या कठड्यावर जाऊन बसले. मला वाटलं गल्ली येईल माझ्यामागं. गल्ली दारात उभी राहून बगत होती. माझी जाऊच म्हणली, "ऊठ सरू, तसं बी कोण पितंय ते पाणी? लेकरं तर वाचतील." खोटं थोडंच होतं? मी उठले. कुणाला हाताला धरून उठवायची बी गरज पडली न्हाई. लई लाज वाटली त्याची.

डबर पडायला लागलं. पहिला दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला, मग दगडावर दगड. आत मामा अंथरुणावर जागे झाले. ऐकू कमी यायचं, पण ते धडाड धडाड जमिनीतून अंगाला लागत असंल.

"सरू, कसला आवाज गं?"

मी चुलीपुढं बसले होते. काय सांगू? तुमचा आड गाडायलेत म्हणून सांगू? माझ्याच्यानं झालं न्हाई.

"दगड टाकायलेत मामा," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणलं. "नालीचे दगड."

मामा उठून बसायला बगायला लागले. त्यांना धरून परत निजवलं. भिंतीकडं तोंड करून ते डबराचा आवाज ऐकत राहिले, संध्याकाळपतोर. अधनंमधनं म्हणायचे, "लई दगड लागायलेत की गं." मी म्हणायची, व्हय, पक्की करायलेत.

सकाळी मामांना पाणी पायजे होतं. मी घागर घेऊन मास्तरांच्या गल्लीत गेले. तिथं घरोघर नळ आलेत आता. सुमतीबाईंच्या अंगणात उभी राहिले. सुमतीबाई मास्तरीण, वाईट बाई न्हाई. "अगं, ये की सरुबाई," म्हणल्या. मी नळाकडं जायला लागले तर म्हणल्या, "राहू दे, राहू दे, तू घागर खाली ठेव, मी वतते." त्यांनी आपल्या बादलीनं भरलं आन् वरून धार सोडली. मी लांब सरकून उभी राहिले. कुणी सांगितलं न्हवतं सरकायला, पाय आपोआप मागं गेले. सासूचे पाय होते ते.

घरी आले. तांब्या मामांच्या तोंडाला लावला. मनात म्हणत होते, फेकून देतील, वळखतील, तीस वर्षांची जीभ हाय. मामांनी एक घोट घेतला. थांबले. मग घटाघटा सगळा तांब्या पिऊन टाकला, गळ्यावरून पाणी वघळलं तरी थांबले न्हाईत. किती वर्षांत नितळ पाणी पोटात गेलं न्हवतं त्यांच्या.

"गोड झालं बग," मामा म्हणले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. "पहिल्यासारखं झालं. म्हणलं न्हवतं मी, दगड बसले की सुधरंल?"

"व्हय."

"मला नाळीबा म्हणले सगळे. तू बी हसलीस, बगितलं होतं मी." माझं मनगट त्यांनी घट्ट धरलं. "आता सांग, ईरण्णा काय म्हणला होता?"

दाराबाहेर, आडाच्या जागी, शाळेच्या भिंतीचा ढीग दिसत होता. चरातनं पेठंचं पाणी वाहत होतं. मी तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

"नाली, मामा. नालीच म्हणला होता."