दुहेरी तार

मी एक जुना फ्यूज आहे, मित्रांनो. पांढऱ्या चिनीमातीचा, मुठीत मावेल एवढा. एका शिंप्याच्या, म्हणजे आमच्या मास्तरांच्या घरात, शिवणयंत्राच्या वरच्या बोर्डावर माझं आयुष्य गेलं. माझ्या पोटात दोन स्क्रूंच्या मध्ये एक बारीक तार असायची. घरातल्या वायरींना झेपेल त्याहून जास्त वीज धावू लागली, की ती वितळून तुटायची आणि घरातली वीज जायची. तुटणं हेच माझं काम. पण या कामाबद्दल मला कधी कुणी शाबासकी दिली नाही.

उलट बोलणीच खाल्ली. थंडीत आतल्या खोलीत अण्णांसाठी हीटर लावावा लागे. अण्णा म्हणजे मास्तरांचे वडील, अंथरुणाला खिळलेले. बाहेर मास्तरांची इस्त्री तापत असे. दोन्ही एकदम चालू झालं, की मी उडालोच.

“आलं याच्या अंगात!” मास्तर करवादायचे.

“अहो, वायरिंग जुनं झालंय. वायरमनला बोलवा ना एकदा,” त्यांची बायको म्हणायची.

“एवढ्याशा तारेसाठी वायरमन? अगं, धागा तुटत असेल तर दुहेरी घ्यायचा. जन्मभर दुसरं काय केलं मी?”

आणि त्यांनी तांब्याची जाड तार घेतली, दुहेरी केली, पीळ दिला आणि माझ्यात घट्ट आवळून टाकली.

त्यानंतर मी एकदाही उडालो नाही. आल्यागेल्याला मास्तर मला दाखवायचे, “बघा, कसा वठणीवर आणलाय!” आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक होत होतं आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं. कारण अण्णांच्या दारावरून आत जाणारी वायर रोज तापत होती, आणि ते फक्त मला कळत होतं.

एका सकाळी अण्णांनी आतून हाक मारली, “अरे, काहीतरी जळतंय रे!”

“इस्त्रीचा वास असेल, अण्णा. पडा तुम्ही.”

तूट गं, तूट, म्हणून मी माझ्यातल्या तारेच्या विनवण्या केल्या. ती ढिम्म. दारावरची वायर पेटली, तिचं जळतं आवरण खालच्या कापडांच्या गठ्ठ्यावर गळलं आणि दाराचा पडदा भडकला. मास्तरांनी तो पेटता पडदा हातांनीच ओरबाडून काढला, आत घुसले आणि अण्णांना उचलून बाहेर आणलं.

अण्णा वाचले. मास्तरांची बोटं मात्र गेल्यातच जमा आहेत. ती आता वाकत नाहीत, त्यांत सुई धरवत नाही. शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या शिवणयंत्रावर त्यांची बायको बसते आणि ते नुसते बघत राहतात.

काल त्यांनी मला जळून गेलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून उचललं, दोन्ही मनगटांत धरून. मी काळा पडलोय, पण आतली तार जशीच्या तशी आहे.

“सगळं जळलं, आणि हा तेवढा शाबूत,” ते म्हणाले आणि लहान मुलासारखे रडू लागले.

मित्रांनो, तुमच्या घरातला फ्यूज उडाला तर चिडू नका. कुणी घरचंच माणूस जाड तार घेऊन निघालं, तर त्याचा हात धरा, जाणत्या वायरमनला बोलवायला लावा. माझ्या भावंडांना तुटू द्या. पाया पडतो तुमच्या, त्यांना तुटू द्या.