सात नंबरचं विष

प्रयोगशाळेच्या भिंतीवर सरांच्या फोटोशेजारी एका विंचवाचा फोटो होता. काळाकुळकुळीत, जाडजूड नांग्यांचा, अगदी रुबाबदार. सरांना तो फार आवडायचा. त्याच्याच विषातून त्यांनी सात नंबरचा रेणू वेगळा काढला होता, आणि तो पोटॅशियमचं दार बंद करतो, असं गेले आठ महिने ते भेटेल त्याला सांगत होते.

दार म्हणजे पेशीच्या आवरणातली एक बारीक वाट. तिच्यातून पोटॅशियम बाहेर जातं आणि पडद्यावर प्रवाहाची रेघ वर चढते. विंचवाच्या विषातले काही रेणू या वाटेच्या तोंडाशी येऊन बसतात, आपला एक लांब हात भोकात खुपसतात, आणि बाटलीला बूच बसावं तशी वाट बंद होते. रेघ खाली येते. ही रेघ खाली आणायचं काम सरांच्या हाताखाली यंत्रावर बसणाऱ्या ताईचं. खाली आली, की ती सरांनी आणलेली असे.

विंचू सांभाळणारे मामा वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून त्यांचं कुणी ऐकत नसे. ते म्हणत, की ज्याच्या नांग्या जाड तो हातानं भागवतो, ज्याच्या बारीक त्याला शेपटीवर जगावं लागतं, तेव्हा विष बघायचं तर त्या पिवळ्या किडमिड्याचं बघा. पिवळ्याच्या विषातला रेणू चार नंबरचा. तो ताई रोज सकाळी आधी तपासायची, कारण त्याचा डबा फ्रिजमध्ये पुढे असायचा. त्यानं रेघ जेमतेम हलायची. मग सात नंबर सोडला, की धाडकन खाली.

बाहेरचे तज्ज्ञ प्रयोग पाहायला यायचे होते. त्याच्या आठवडाभर आधी, द्रव पेशीपर्यंत नेणारी प्लॅस्टिकची नळी चिरली. ताईनं नवी बसवली, आणि सात नंबरनं काम करणं सोडलं. चार दिवस तिनं पेशी बदलल्या, द्रव नव्यानं बनवले, काचेच्या सुया बदलल्या. रेघ ढिम्म. सरांनी शांतपणे निदान केलं: ताईचा हात बिघडला. हा आजार त्यांना स्वतःला होणं शक्य नव्हतं, कारण त्यांनी गेली अकरा वर्षं यंत्राला हात लावला नव्हता.

रविवारी ती वडिलांकडे गेली. ते प्लंबर, उभा जन्म नळ आणि पाईप यांत गेलेला. तिनं सगळं सांगितलं. त्यांना पोटॅशियम कळलं नाही, नळी मात्र लगेच कळली. काम बंद पडलं तेव्हा नवीन काय आलं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. नळी, ती म्हणाली.

"मग जुन्या नळीत बघ," ते म्हणाले. "आधी जे वाहिलं ते भिंतीला राहतं. नंतरचं पाणी ते सोडवून आणतं आणि शिव्या नंतरचं पाणी खातं."

सोमवारी तिनं मामांकडे जुनी नळी मागितली. मामा काहीच फेकत नसत, याबद्दल त्यांना वर्षातून दोनदा लेखी समज मिळायची. चीर पडलेलं टोक कापून तिनं तीच नळी पुन्हा बसवली. फक्त सात नंबरच्या द्रवात, रेणू प्लॅस्टिकला चिकटू नये म्हणून, थोडं प्रथिन असायचं. तिनं विष न घालता नुसता तो प्रथिनाचा द्रव सोडला. रेघ खाली आली. म्हणजे चार नंबरचा रेणू रोज नळीला चिकटत होता, पेशीपर्यंत त्यातला चिमूटभर पोचत होता, आणि मागून येणारं प्रथिन उरलेला खरवडून नेत होतं. पिवळ्यानं राबायचं आणि काळ्यानं मिरवायचं.

सात नंबरवरचा लेख छापायला गेला होता, आणि त्यावर तिचंही नाव होतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "परवापुरती जुनीच नळी राहू दे."

"राहू दे," ताई म्हणाली. "फक्त सात नंबर नको. नुसतं प्रथिन सोडू. दार तेवढंच बंद होईल."

परवा सकाळी सरांचा घसा बसला. पाहुण्यांसमोर उभं राहायचा मान त्यांनी मोठ्या मनानं ताईला दिला. तिनं नवी नळी लावून सात नंबर सोडला आणि काहीही होत नाही, हे दाखवलं. मग का होत नाही, ते सांगितलं. पाहुण्यांपैकी एक वयस्कर बाई म्हणाल्या, की मग चार नंबर नीट दाखवा.

चार नंबर प्रथिनाच्या द्रवात घालून तिनं कधी पाहिलाच नव्हता. हात बिघडला नव्हता. रेघ खाली आली, आणखी खाली आली आणि तळाला टेकली. तिनं विष धुवायला साधा द्रव सुरू केला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, बूच निघेना. रेघ परत वर आली नाही, तर दार बंद झालं नाही, पेशीच मेली, असं कुणीही म्हणालं असतं. पाहुणे चहाला गेले. वयस्कर बाई तेवढ्या थांबल्या.

लेख मागे घेतला गेला. घसा सुटल्यावर सरांनी एका सभेत सांगितलं, की पिवळ्यावर त्यांचा पहिल्यापासून डोळा होता. मामांनी त्या वेळी खिशातला रुमाल काढून तोंडावर धरला. नव्या लेखात ताईचं नाव पहिलं आलं, पण त्यासाठी वयस्कर बाईंना वरपर्यंत दोन पत्रं लिहावी लागली.

त्या दिवशी मात्र ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती पडद्यासमोर हलायचंही विसरून बसली होती. पस्तिसाव्या मिनिटाला रेघ केसभर वर सरकली. शेजारी बसलेल्या बाई हळूच म्हणाल्या, "निघालं."