बाहीखालचं घड्याळ

नव्या सब-लेफ्टनंटचं लग्न होऊन महिना होतो न होतो तोच युद्ध सुरू झालं. निघताना बायको म्हणाली, "तुझं घड्याळ माझ्याच वेळेवर ठेव. मी दुकान कधी उघडते, कधी जेवते, सगळं तुला कळत राहील." जहाज पूर्वेला गेलं, जहाजावरची घड्याळं तासभर पुढे झाली, पण या शहाण्याच्या मनगटावर घरचीच वेळ. लागलं की तास मिळवायचा, त्यात काय मोठंसं!

त्या दिवशी दुपारचं जेवण उरकून तो पहाऱ्यावर आला. धुकं असं की स्वतःच्या जहाजाचं टोक दिसेना. अचानक उजव्या अंगाला एक काळं धूड उभं राहिलं. आपलं की शत्रूचं? वायरलेसला सक्त बंदी. दिव्याने विचारायचं आणि समोरच्याने ठरलेल्या रंगात उत्तर द्यायचं. बारापर्यंत हिरवा, बारानंतर लाल. हे काम त्याच्याकडे होतं. त्याने मनगटाकडे नजर टाकली आणि दिवा चमकवला.

उत्तर आलं, लाल.

तो ओरडला, "सर, चुकीचं उत्तर!"

कॅप्टन धावत बाहेर आला. "परत विचार."

परत लाल. खाली तोफेचं तोंड त्या दिशेला वळलं. तोफेवरचे सगळे वर, कॅप्टनच्या हाताकडे बघत होते.

"त्यांनी मारायच्या आत आपण मारायचं," कॅप्टन म्हणाला. "वेळ नोंदव."

पहिल्या गोळ्याआधी वेळ लिहायची, असा नियमच होता. "अकरा वाजून दहा..." बोलता बोलता त्याची जीभ अडखळली. तोंडात अजून सूपची चव होती. अकराला जेवण कुठलं?

"थांबा! सर, थांबा! माझं घड्याळ घरचं आहे. बारा वाजून गेलेत. लालच बरोबर. ते आपलेच आहेत!"

कॅप्टनचा उचललेला हात तसाच हळूहळू खाली आला. धुक्यातून ते जहाज अगदी जवळ सरकलं. डेकवर कुणी बटाटे सोलत बसलं होतं. एकाने तर हात हलवून दाखवला. सब-लेफ्टनंटने कठडा घट्ट धरला. आता आपल्याला घरी हाकलणार, याची त्याला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर तेच बरं असं त्याला वाटलं.

कॅप्टनने बाही वर सारली. एक घड्याळ मनगटावर होतं, दुसरं पार कोपराजवळ.

"गाढवा, घरची वेळ इथे वर ठेवायची. बघायची तर बाही सारावी लागते. तेवढ्यात डोकं ठिकाणावर येतं." मग म्हणाला, "आणि मीही तसलाच. लाल डोळ्यांसमोर होता, पण स्वतःचं घड्याळ बघितलं नाही."

समोरचा लाल दिवा अजून लुकलुकत होता.

"त्यांना पोच दे. बिचारे वाट बघतायत."

त्याने घड्याळ सोडून पार कोपराजवळ बांधलं, बाही खाली ओढली आणि मग दिवा उचलला.