सोमवारची कामं

पांढरी इन्सुलेशन टेप उभी अर्धी कापली की तिची रुंदी साधारण नऊ मिलिमीटर उरते. तारेच्या टोकापासून दोन बोटं अंतर सोडून तिचं एक कडं गुंडाळलं तर तारेची जाडी अर्ध्या मिलिमीटरनेही वाढत नाही. डोळ्यांना हा फरक चटकन कळत नाही. अंगठ्याच्या नखाला मात्र कळतो.

फेजच्या लाल तारेवर मी एक कडं लावायचे, न्यूट्रलच्या काळ्या तारेवर दोन आणि अर्थिंगच्या हिरव्या तारेवर तीन. कोणी विचारलंच तर सांगणार होते, काम नीटनेटकं दिसतं म्हणून. कोणी विचारलं नाही. काकांनीही नाही. पहिल्या दिवशी त्यांचा अंगठा त्या कड्यांवर क्षणभर थांबला, एकावरून दोनावर, दोनावरून तीनावर गेला, आणि मग त्यांनी माझ्याकडे स्क्रू ड्रायव्हर मागितला. त्याला आता अकरा महिने झाले होते.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. बाबा गेले तेव्हा मी पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होते. शिक्षण सोडून मी काकांच्या घरी राहायला आले आणि त्यांच्याच हाताखाली वायरिंग शिकायला लागले. परवान्याचा नियम सरळ होता. परवाना असलेल्या वायरमनच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली चार वर्षं काम, दर सोमवारी सरकारी संस्थेत वर्ग, मग परीक्षा. माझी चार वर्षं भरली होती. परीक्षेच्या अर्जावर काकांची सही तेवढी राहिली होती, आणि शुक्रवारी मुदत संपत होती.

"तुझा परवाना आला की लोक तुलाच बोलावणार," काकू म्हणायच्या. "त्यांनी काय घरात बसून छताकडे बघत राहायचं? त्यांच्या परवान्याचं नूतनीकरण होईपर्यंत तरी कळ काढ." काकू डोळ्यांचं नाव कधी काढायच्या नाहीत. 'त्यांची तब्येत' म्हणायच्या.

दर रविवारी मी ठरवायचे की या आठवड्यात बोलायचंच. मंगळवारी सकाळी खिशात टेप असायचीच. बोलले तर काकांचा परवाना जाणार होता, आणि ज्या देखरेखीची चार वर्षं मी अर्जात लिहिली होती, त्यातलं शेवटचं वर्ष बाद होणार होतं. नाही बोलले तर परवाना मिळूनही काकांना सोडून मला कुठे जाता येणार नव्हतं. कडी लावायला मी हवीच होते. सकाळी एकाच गाडीतून निघायचं, संध्याकाळी एकाच टेबलावर जेवायचं, आणि दोन्हीकडे त्या एका गोष्टीला वळसा घालून बोलायचं.

त्या बुधवारी आम्ही एका वसतिगृहाच्या दुसऱ्या मजल्यावर होतो. दहा खोल्या, प्रत्येक खोलीच्या न्हाणीघरात गीझर. वीज अजून जोडलेली नव्हती. अकरा वाजता निरीक्षक येणार, तपासणार, मग जोडणी. पहिल्या सहा खोल्या आम्ही दोघांनी केल्या होत्या.

जिन्यातच रंगारी भेटला. मी प्रत्येक तार मीटरच्या बजरने तपासते म्हणून त्याने माझं एक नाव ठेवलं होतं.

"काय बजरबाई, आज भिंतीही वाजवून बघणार का?"

"आधी तुमचं डोकं बघते. पोकळ वाजतंय का ते."

"मास्तर, पुतणीला आवरा हो!" तो हसला. मग त्याने भिंतीवरचे दोन पट्टे दाखवले. एक पिस्त्याच्या रंगाचा, दुसरा फिकट गुलाबी. "मालकीणबाईंचं ठरत नाहीये. तुम्हीच सांगा, कुठला ठेवू?"

काकांनी मान जरा तिरकी केली. "दोन्ही एकच तर आहेत."

रंगाऱ्याला ती थट्टा वाटली. "घरचे पडदे काकूच निवडतात वाटतं!" काकाही हसले, जरा उशिरा. मी पायरीवरचा रंगाचा शिंतोडा नखाने खरवडत बसले.

वर आल्यावर काकांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. माझा अर्ज होता. सही रेघेच्या बोटभर वर, जराशी तिरपी.

"घे. शुक्रवारपर्यंत कशाला जीव टांगणीला लावायचा?" ते म्हणाले. "आता हा रिपोर्ट भर. सात ते दहा, 'तपासले, योग्य'. साहेब येतीलच."

"सात ते दहामध्ये मी हातच लावलेला नाही."

"मी केल्यात ना. परवा, सोमवारी."

"एकट्याने?"

"एकट्याने म्हणजे काय? तू रांगत होतीस तेव्हापासून करतोय मी हे."

मी मीटर घेऊन सातव्या खोलीत गेले. स्विचबोर्ड उघडला. तारांवर कडी नव्हती. मीटरचं एक टोक लांब तारेने अर्थिंगला जोडलं आणि दुसरं गीझरच्या सॉकेटच्या मोठ्या, म्हणजे अर्थिंगच्या, भोकात धरलं. तार बरोबर असेल तर मीटर वाजतो. तो गप्प होता. अर्थिंगवरचं टोक काढून मी स्विचवर लावलं. वाजला. लाल तार हिरव्याच्या जागी बसली होती, हिरवी लालच्या. वीज आली असती की ती गीझरच्या पत्र्यात उतरली असती, आणि खाली ओल्या पायांनी कोणीतरी उभं असतं.

आठवी बरोबर होती. नववी चुकलेली. दहावी बरोबर. नाणं उडवून तारा जोडल्या असत्या तरी साधारण हाच निकाल आला असता.

दोन्ही खोल्या दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. काका दारात उभे होते. काय करतेस, असं त्यांनी विचारलं नाही.

"झालं ना?" ते म्हणाले. "आता लिहायला हरकत नाही. आता तर खरंच तपासलंयस."

हे खरं होतं. मी पेन काढलं. 'तपासले' लिहिलं. मग थांबले.

"काका, सोमवारी तुम्ही सामान आणायला जाता ना?"

"जातो की."

"दर सोमवारी?"

ते खिडकीकडे बघायला लागले. "दिवसभर दुकानात बसून काय करायचं? अधूनमधून लहानसहान कामं घेतो. मोठं काही नाही."

"लहानसहान म्हणजे काय?"

"हेच. कुठे वॉशिंग मशीन, कुठे गीझर."

"नवे पॉइंट?"

"काही नवे."

"किती?"

"मोजलेत का मी!" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "टेस्टर लावतोच ना मी. वीज असली की दिवा दिसतो. दिवा दिसतो मला."

"आणि वीज नसली की?"

त्यांनी खिशातला टेस्टर चाचपला. अकरा महिन्यांत सत्तेचाळीस सोमवार येतात. त्यातला प्रत्येक सोमवार मी वर्गात काढला होता, पहिल्या बाकावर, अर्थिंगचे नियम वहीत उतरवून घेत.

"ती कडी," काका हळू आवाजात म्हणाले, "तुला काकूने सांगितली होती का लावायला?"

"नाही. मीच लावली."

"मला वाटलं, तिने." त्यांनी अंगठा बोटांवर घासला. "बरी होती गं ती कडी. एकदा वाटलं, तुला म्हणावं, सोमवारच्या तारांनाही कडी लावून ठेवून जात जा. पण मग बोलावं लागलं असतं."

जिन्यात रंगाऱ्याचा आवाज आला, "या साहेब, जपून, भिंत ओली आहे." काकांनी माझ्या हातातला अर्ज बघितला, मग मला. "सही केली आहे मी," ते म्हणाले. "एवढं लक्षात ठेव."

अर्जावर छापलेलं वाक्य मला पाठ होतं: 'प्रत्यक्ष देखरेखीखाली'. मी तो घडी घालून खिशात ठेवला. तिथे टेपचं रीळ होतं. कागद त्यावर नीट बसेना.

निरीक्षक धापा टाकत वर आले. उंच होते, दारात वाकावं लागलं. काकांना ओळखत होते. "काय मास्तर, तुमच्या कामात आम्हाला बघायला काय उरतं म्हणा!" त्यांनी माझ्याकडून रिपोर्ट घेतला आणि बोटाने रकाना खाली वाचत आले. सहाव्या ओळीपर्यंत बोट सरकत होतं. सातवीवर थांबलं.

"इथे नुसतंच 'तपासले' आहे. योग्य की अयोग्य? ही खोली कोणी केली?"

"मी," काका म्हणाले.

"आणि तपासली?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. आपल्याला काय दिसत नाही हे त्यांना ठाऊक आहे, ते त्या नजरेत मला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं. खिशातलं रीळ मुठीत घट्ट धरून मी म्हणाले,

"साहेब, हा रिपोर्ट बाजूला ठेवा. काकांना गेल्या वर्षापासून लाल आणि हिरवा रंग वेगळा दिसत नाही. त्यांनी सोमवारी केलेली सगळी कामं, गेल्या अकरा महिन्यांतली, आजपासून तपासावी लागतील."