जावईबापू आणि ठेंगणीचे पाईप

लग्नाला अर्धं वर्ष झालं होतं, तरी सासरे आणि जावई यांच्यात बोलण्याचे विषय तीनच होते. हवा कशी आहे, रस्त्यात गर्दी लागली का, आणि रात्री झोप नीट लागली का. तिन्ही विषय पहिल्या चहाबरोबर संपायचे. मग सासरे पेपर तोंडासमोर धरायचे आणि जावई खिडकीबाहेर बघत बसायचा.

वाकडं काहीच नव्हतं. दोघेही मुळात अबोल. त्यात सासऱ्यांचा सगळा जन्म आरडाओरड्यात गेलेला. ट्रकवाले, हमाल, गवंडी, सगळ्यांशी त्यांचं "अरे" आणि "काय रे" असं मोकळं चालायचं. जावयाला मात्र "अहो जावईबापू" म्हणायचं. आणि एकदा "अहो" तोंडातून निघालं की पुढचं वाक्यच त्यांना सुचत नसे.

"बाबा, जरा बोला ना त्याच्याशी," लेक म्हणायची.

"बोलतो की! सकाळीच विचारलं, झोप लागली का."

"मग?"

"लागली म्हणाले. आता लागली म्हटल्यावर पुढे काय विचारू?"

जावयाची केक-बिस्किटांची बेकरी होती. ती भावावर सोपवून तो आणि लेक दोन दिवस राहायला आले होते. येताना त्याने स्वतः केलेला मोठा केक आणला. सासऱ्यांनी दोन तुकडे खाल्ले, "छान आहे" म्हणाले, आणि तो विषयही संपला.

घराच्या मागेच सासऱ्यांचं आवार होतं. वाळू, खडी आणि बागेची माती यांचे ढीग, आणि त्या ढिगांमधून फिरणारी ठेंगणी. ठेंगणी म्हणजे त्यांचं जुनं स्किड स्टीअर. चार चाकं, पुढे तेलाच्या दाबावर वरखाली होणाऱ्या दोन लोखंडी दांड्यांवर बसवलेली बकेट, आणि जागच्या जागी गर्रकन वळायची कला. लेक चालायला लागली त्या वर्षी ते घेतलं होतं. रंग कधीच उडाला होता, बसायची गादी तीनदा शिवून झाली होती. लोक म्हणायचे, आता विका आणि मोठं मशीन घ्या. सासरे म्हणायचे, "मोठं घेतलं तर ते वळवायला शेजाऱ्याची भिंत पाडावी लागेल. तुम्ही विचारता का त्याला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शाळेच्या मैदानासाठी मातीचा ट्रक भरून द्यायचा होता. ट्रक दुपारी येणार होता. सासऱ्यांनी ठेंगणी सुरू केली, मातीची बकेट भरली आणि दांडे वर उचलले. तेवढ्यात "फट्" असा आवाज झाला. दांडे मातीसकट धप्पकन खाली आले, आणि फुटलेल्या पाईपमधून तेलाचं कारंजं उडालं ते थेट कपड्यांच्या दोरीवर.

सासरे सुखरूप होते. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून आधी त्यांच्याकडे बघितलं, मग दोरीकडे.

"माझ्या चादरी! पाहुण्यांसाठी धुतल्या होत्या मी त्या!"

"अगं, पाहुणे कसले? घरचेच आहेत."

"घरचे म्हणून तेलात झोपवायचं त्यांना?" सासूबाई आवारात उतरल्या. "मागच्या वेळी काय म्हणाला होतात? चिंधी बांधली, आता बघायला नको. या मशीनला पाईप कमी आणि चिंध्याच जास्त झाल्यात. आज पाईप बदला, नाहीतर जेवणाचं तुमचं तुम्ही बघा."

सासरे डोकं खाजवत राहिले. एरवी त्यांच्या हाताखाली एक हमाल असायचा, पण तो बहिणीकडे गेला होता. हे काम एकट्याचं नव्हतं. पाईपचं एक टोक केबिनच्या पोटात, दुसरं पार पुढे बकेटजवळ.

"मी येऊ का मदतीला?" जावयाने विचारलं.

"छे छे!" सासरे आणि सासूबाई एकदम म्हणाले. चादरींवरून चाललेलं भांडण क्षणात मिटलं.

"जावयाला कामाला लावलं म्हणून लोक आम्हाला नावं ठेवतील," सासूबाई म्हणाल्या.

"लोकांना कुठे दिसतंय, आई? मी तर मशीनच्या आत असेन," जावई म्हणाला आणि कपडे बदलायला गेलाही.

तो बाहेर आला तेव्हा लेकीला हसू आवरेना. सासऱ्यांची जुनी विजार त्याला दोन माणसांची झाली होती. ती त्याने सुतळीने बांधली होती. सासऱ्यांनी बघितलं, खाकरले, आणि पाना पुढे केला. "अहो जावईबापू, तेवढं... म्हणजे जमलं तर... तो नट सैल करता का?"

पण त्याआधी, इंजिन बंद असल्याची खात्री करून सासऱ्यांनी सगळे लिव्हर पुढेमागे हलवले. "पाईपमध्ये दाब अडकलेला असतो. तो आधी सोडायचा. नाहीतर नट काढताना तोंडावर येतो," ते म्हणाले. मग दोघांनी केबिन मागे कलती करून टेकू लावला. आत वर्षानुवर्षांची माती तेलात कालवून बसली होती. तिच्यातून काळे पाईप एकमेकांत गुंतून चालले होते.

फुटलेला पाईप निघाला. सासरे हात पुसत म्हणाले, "झालं. हा एक बदलला की काम भागलं."

जावई अजून आत वाकूनच होता. "बाबा, याच्या शेजारचाही चिरलाय. आणि बकेटच्या या दोघांची तर साल निघालीय. आतली तार दिसतेय."

"चालतील अजून ते."

"आमच्या भट्टीची गॅसची नळी अशीच होती," जावई जरा चाचरत म्हणाला. "एक गेली, मी एकच बदलली. दुसरी गेली ती दोनशे केकची ऑर्डर होती त्या पहाटे. मग मी ते केक शेजारच्या चार घरांतल्या ओव्हनमध्ये भाजले. एका आजींनी तर भाजता भाजता दोन खाऊन टाकले."

सासरे हसले. पेपरआडून नाही, चांगले खळखळून. "काढा मग चारही!"

कुठला पाईप कुठे जोडायचा याची खूण करून ठेवू, असं जावयाने सुचवलं. सासरे म्हणाले, मला सगळं तोंडपाठ आहे. तरी लेक आतून नेलपॉलिशच्या बाटल्या घेऊन आली आणि जिथे पाईप बसतात त्या तोंडांवर, दोन्ही बाजूंना, जोडीजोडीने रंगाचे ठिपके देऊन गेली. मग जुने पाईप पोत्यात घालून सासरे-जावई स्कूटरवरून पाईपच्या दुकानात गेले.

दुकानदार जुना ओळखीचा होता. त्याने जुन्या पाईपच्या मापाने नवे कापले, टोकांना फिटिंग लावून ते मशीनमध्ये दाबून घेतले. मग सुतळीने बांधलेल्या विजारीकडे बघून विचारलं, "नवा माणूस ठेवलात का?"

"जावई आहेत आमचे."

दुकानदाराने जावयाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. केसात माती, कानाला तेल. "अहो, मुलगी दिलीत ना त्यांना? मग हा राग कशाचा काढताय?"

परतीच्या वाटेवर दोघेही हसत होते. स्कूटर दोनदा डगमगली.

नवे पाईप बसवायला घेतले. सासरे केबिनच्या पोटात, जावई पुढे बकेटजवळ. जावयाची बोटं बारीक होती. सासऱ्यांचा पंजा जिथे अडायचा तिथे ती सहज शिरत. दोन पाने लागत होते. एकाने खालचा भाग धरून ठेवायचा, दुसऱ्याने वरचा नट आवळायचा. नाहीतर नवा पाईप पिळून निघतो.

"लाल कुठाय?" आतून सासऱ्यांचा आवाज आला.

"माझ्या हातात. तुमच्याकडे?"

"लालच आहे. आवळा!"

सगळं आवळून झालं, टाकीत नवं तेल भरलं, केबिन खाली घेतली. सासरे आत बसले आणि त्यांनी इंजिन सुरू केलं. लिव्हर अगदी हळू हलवला, पाईपमधली हवा निघून जावी म्हणून. जावई बाजूला उभा राहून नव्या पाईपकडे बघत होता. बकेटजवळच्या एका नटापाशी त्याला काहीतरी चमकल्यासारखं दिसलं. धुकं म्हणावं इतकं बारीक. कुठून येतंय ते चाचपायला त्याने बोट पुढे केलं.

"अरे गाढवा! हात काढ तिथून!"

सासऱ्यांचा आवाज शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे गेला. जावयाने हात असा मागे घेतला की तो स्वतःच मातीच्या ढिगात जाऊन बसला. इंजिन बंद झालं. सासूबाई चहा घेऊन येत होत्या, त्या ट्रेसकट जागीच थांबल्या. लेकीने तोंडावर हात ठेवला.

सासरे खाली उतरले. चेहरा पांढरा पडला होता. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला, आणि आलं तेव्हा तो आणखी पांढरा पडला.

"माफ करा हं जावईबापू... मी... म्हणजे, तोंडातून निघून गेलं. पण तो फवारा साधा नसतो हो. सुईसारखा कातडीतून आत जातो. आमच्या ओळखीच्या एकाचं बोट कापावं लागलं."

जावई मातीतच बसून होता. त्याने आधी आपली दहा बोटं नीट बघून घेतली. मग मान वर केली. "बाबा, अर्ध्या वर्षात आज पहिल्यांदा तुम्ही माझ्याशी न अडखळता बोललात."

"गाढव म्हणाले ते तुम्हाला!" सासूबाई म्हणाल्या.

"बरोबरच म्हणाले, आई. बोटं गेली असती तर केकवर गुलाब कोण काढणार होतं?"

लेक खुदकन हसली, मग सासूबाईही हसल्या. सासऱ्यांनी हात पुढे केला, जावयाला उठवलं, आणि त्याच्या पाठीवरची माती झटकायच्या निमित्ताने दोन-तीन थापा जरा जास्तच जोरात मारल्या.

"गळती बघायची तर अशी," ते म्हणाले. त्यांनी केकच्या खोक्याचा पुठ्ठा मागवला, जावयाला इंजिन पुन्हा सुरू करायला लावलं आणि लांबूनच पुठ्ठा नटाशेजारी धरला. पुठ्ठ्यावर ओला डाग उमटला. "बघ, इथून येतंय. आता बंद कर, दाब सोड, आणि मग आवळ." बोलताना "बघ" आणि "आवळ" म्हणून गेलो, हे या वेळी त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

गळती थांबली. सासरे ऐटीत केबिनमध्ये बसले. दांडे वर गेले, खाली आले, लोण्यासारखे. मग त्यांनी बकेट पुढे ओतायचा लिव्हर दाबला. बकेट पुढे झुकायच्या ऐवजी मागे वळली. मागे वळवायचा लिव्हर दाबला. बकेट पुढे झुकली.

"उलटं झालंय!" सासरे ओरडले. "तू पाईप उलटे लावलेस!"

"मी? तुम्हीच म्हणालात लाल!"

"मी लालला लालच लावला!"

"मीही लालच लावला!"

लेक पुढे आली. तिने आत डोकावून बघितलं, बकेटजवळ जाऊन बघितलं, आणि कपाळाला हात लावला. "एक लाल आहे आणि एक डाळिंबी. दिसत नाही का तुम्हाला?"

दोघेही वाकून ठिपक्यांकडे बघत राहिले. बराच वेळ.

"हा डाळिंबी?" सासऱ्यांनी विचारलं.

"तो लाल, बाबा."

"मला तर दोन्ही सारखेच दिसतात," जावई म्हणाला.

"मलाही," सासरे म्हणाले. "ही बायकांची काहीतरी भानगड आहे." आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीवर दोघांचं इतकं पक्कं एकमत झालं होतं.

पाईप अदलाबदल करून बसवेपर्यंत फाटकाशी ट्रक येऊन हॉर्न वाजवू लागला. "अरे थांब की, आलो!" दोघेही एकदम ओरडले, आणि ट्रकवाल्याला कळेना की आवारात सासऱ्यांचा आवाज दोन ठिकाणांहून कसा येतोय. ठेंगणी मातीच्या ढिगात घुसली, भरली, गर्रकन वळली, ट्रकमध्ये ओतून परत आली. चिंधी नाही, थेंब नाही. शेवटच्या दोन बकेटा सासऱ्यांनी जावयाला भरायला दिल्या. पहिली नीट गेली. दुसरीतली अर्धी माती ट्रकवाल्याच्या जेवणाच्या डब्यावर पडली.

"अरे, डोळे आहेत का बटणं?" सासरे ओरडले.

"तुम्ही मधे उभे राहू नका, मला काही दिसत नाही!" जावयानेही तितक्याच आवाजात उत्तर दिलं.

सासूबाईंनी लेकीकडे घाबरून पाहिलं. लेक मात्र शांतपणे पायरीवर बसून केकचा उरलेला तुकडा खात होती.

रात्रीच्या जेवणाला पेपर निघालाच नाही. भट्टीची उष्णता किती असते, क्रीमची पिशवी दाबताना ती फुटते कशी, तेल जाड असलं तर काय होतं, ट्रकवाले खोटं कसं बोलतात, विषयाला विषय लागत गेला. वाढता वाढता सासूबाईच कंटाळल्या आणि म्हणाल्या, आता झोपा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. लेकीने बॅगा भरल्या, दारात आणून ठेवल्या आणि नवऱ्याला हाका मारल्या. उत्तर आलं नाही. ती मागे आवारात गेली. ठेंगणीची केबिन पुन्हा कलती केलेली होती, आणि तिच्याखालून चार पाय बाहेर आले होते. दोन पायांवर सुतळीने बांधलेली विजार होती.

"अरे, तो नाही, चाकाकडे जाणारा बघ. तोसुद्धा चिरलाय."

"मग बदलूया ना. दुकान उघडलं असेल."

"तुला बेकरीत जायचं नाही का?"

"भाऊ आहे ना तिकडे. तुम्ही आधी तो पाना द्या, बाबा. आणि या वेळी खूण मी करतो, खडूने."

लेक तशीच मागे फिरली. मग घरात गेली, बॅगा पुन्हा आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या, आणि आईला म्हणाली, "चहा टाक. जरा जास्तच टाक."